अकरा दिवसांत एकही तक्रार नाही

हडको, छत्रपती संभाजीनगर
शुक्रवार, सकाळचे साडेदहा

आदरणीय सांडूदाजी,

संघपालचा सप्रेम जयभीम. मालनअक्कालाही जयभीम सांगा. पत्राला तसं खास कारण काही नाही, सहज खुशाली कळवावी म्हणून लिहायला बसलो. इकडं आम्ही दोघं बरे आहोत. नळाला कालच पाणी येऊन गेलं, त्यामुळं घरात सध्या शांतता आहे. तुमच्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला आता सव्वा महिना झाला असेल, तेव्हा बारीक अक्षर वाचता येत असावं असं धरून बारीक लिहितोय. येत नसेल तर अक्काकडून वाचून घ्या, पण कंसातला मजकूर तिनं मनात वाचावा. तिची साखर किती आली तेही कळवा. (मागच्या वेळी तिनं मला दोनशे दहा सांगितली आणि तुम्ही दोनशे साठ. दोघांपैकी एकाचं मशीन खोटं बोलतंय, आणि मशीन घरात एकच आहे.) पाकिटावर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात खाडाखोड दिसेल. हातानं आधी शहराचं जुनं नाव लिहिलं, मग खोडून नवं लिहिलं. छत्तीस वर्षं टपाल खात्यात शिक्क्यावर एकच नाव बघितलेला हात आहे, त्याला जरा वेळ लागणार.

हातानं लिहिलेलं पाकीट बघून दचकला असाल, पण कोणी गेलेलं नाही. गेली आहे ती आपली इंटरनेटची लाइन, आणि तिच्यासोबत आपलं अख्खं हिवराळे डॉट इन, म्हणजे सरिताची धरून एकोणीस जणांच्या ई-टपालाच्या पेट्या, विहाराची वेबसाइट आणि तुमची विहिरींची वेबसाइट. आज अकरावा दिवस. काल आकाशनं पुण्याहून फोनवर निकाल दिला, ‘पप्पा, बंद करून टाका, कोणी वापरतच नाही.’ मी म्हणालो, वापरतात. तो म्हणाला, मग अट लावू. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारपर्यंत कोणीतरी एकानं, फक्त एकानं, म्हणायला पाहिजे की माझं टपाल आलं नाही आणि मला ते पाहिजे. तसं झालं तर तो स्वतः येऊन सगळं बिऱ्हाड नीट दुसरीकडं हलवून देणार आणि पुढं कायम सांभाळणार. नाही झालं तर मशीन भंगारात. (भंगारवाल्याचा नंबरही त्यानं पाठवून ठेवलाय. वडिलांची काळजी घेणारा मुलगा आहे.) मी कोणाला फोन करून विचारायचं नाही, हे त्यानं दोनदा बजावलं. मी शब्द दिला आणि पाळतोय. आतापर्यंत आलेल्या तक्रारी, शून्य.

तुम्हाला यातलं बरंच माहीत आहे, पण राग आला की मला पहिल्यापासून सांगावं लागतं. चार वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो तेव्हा आकाशनं त्याचा जुना कॉम्प्युटर टाकायला काढला होता, तो मी ठेवून घेतला. त्यानंच दोन दिवस बसून त्यात टपालाची व्यवस्था बसवून दिली आणि स्वयंपाकघराबाहेरच्या कपाटात, जिथं सरिताचे कुरडया-पापडाचे डबे असायचे, तिथं मशीन विराजमान झालं. (डबे तेव्हापासून आमच्या पलंगाखाली आहेत. मी कूस बदलली की पापडखाराचा वास येतो. यावर मी घरात काही बोलत नाही, कारण त्या विषयावर बोलायला सरिता टपूनच बसलेली आहे.) आता टपाल म्हटलं की शिस्त आली. दिवसातून दोन वाटपं, सकाळी दहा आणि दुपारी चार. मधल्या वेळात आलेलं पत्र मशीनमध्येच थांबणार. रविवारी बंद. चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा, सहा डिसेंबर बंद. आकाश म्हणाला, पप्पा, ई-मेल क्षणात पोचतो, तोच तर त्याचा फायदा आहे. मी म्हणालो, क्षणात पोचलेल्या पत्राला माणूस क्षणात उत्तर देतो आणि मग आयुष्यभर भांडत बसतो. प्रत्येक पत्राखाली तारखेचा गोल शिक्काही उमटायचा, तो मी स्वतः काढला होता. त्यातली ‘करमाड’ची वेलांटी-मात्रा नसलेली साधी अक्षरं जमायलाच मला आठवडा लागला.

आकाशला हा म्हाताऱ्याचा चाळा वाटतो. त्यानं त्याच्या आजोबांना पाहिलं नाही, तुम्ही पाहिलंय. करमाडला आमच्या वडिलांना वर्षातून एखादं पत्र यायचं, मनमाडला रेल्वेत असलेल्या चुलत्याचं. वडिलांना वाचता येत नव्हतं. पत्र घेऊन ते गावात एकाच्या ओट्याखाली उभे राहायचे. वर बसून तो माणूस पान चघळत वाचायचा, निम्मं गाळायचा आणि उरलेल्यावर हसायचा. मी सात-आठ वर्षांचा असेन, त्यांचं बोट धरून उभा असायचो. टपालात नोकरी करायची हे मी तिथं उभ्या उभ्या ठरवलं, आणि आपल्या माणसांचं पत्र आपल्याच घरात उघडलं जाईल हेही. आता तुम्ही म्हणाल, फुकटच्या ई-मेलमधलं पत्र कोण ओट्यावर बसून वाचतंय? नसेल वाचत. पण ते पडलेलं असतं दुसऱ्याच्याच घरात, आणि ते मला सहन होत नाही. का सहन होत नाही हे पोराला समजावून सांगता येत नाही, म्हणून जास्त चिडचिड होते.

हे सगळं चालत होतं काकासाहेबांच्या जिवावर. काकासाहेब म्हणजे आमच्या गल्लीला केबल आणि इंटरनेट देणारा माणूस, पाण्याच्या टाकीसमोर दुकान. घरात टपाल ठेवायचं तर बाहेरच्या जगाला आपल्या घराचा एक कायमचा नंबर माहीत असावा लागतो, नाहीतर पत्रं येणार कुठं? काकासाहेबांनी मला तो दिला होता, कारण त्यांच्या नोकरीचा कॉल एकदा मी भर पावसात घरी नेऊन दिला होता. (ती नोकरी त्यांनी केली नाही, पण उपकार लक्षात ठेवला.) तर मागच्या आठवड्यात मंगळवारी सकाळचं दहाचं वाटप झालं नाही. दुकानावर गेलो तर शटर खाली, आणि त्यावर चिठ्ठी, की लाइन कंपनीला दिली आहे, कंपनीचा माणूस येईल. फोन लावला तर मागं लिलावाचा गलका. काकासाहेब वैजापूरला, कांद्याच्या व्यापारात. म्हणाले, ‘मास्तर, लई घाईत झालं बघा सगळं. पर तुम्हाला मेल टाकला होता ना मी.’ कधी टाकला? ‘लाइन कापली तवाच की.’ म्हणजे लाइन बंद होत असल्याची सूचना या माणसानं त्याच लाइनवरून मला पाठवली, आणि ती अजून वाटेत आहे. मी विचारलं, माझा कायमचा नंबर? म्हणाले, ‘त्यो बी गेला त्यांच्याकडं. कांदे पाठवू का गोणीभर?’ दाजी, कांदे चांगले निघाले, ते खोटं बोलणार नाही.

कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. (कंपनीचं नाव लिहीत नाही, लाइन त्यांच्या हातात आहे.) त्यानं भिंतीवर पांढरा डबा लावला, वेग दाखवला, सरिताला एक सिनेमा लावून दाखवला. वेग खरंच दसपट आहे. पण माझं मशीन जोडलं तर बाहेरचं पत्र आत येईना आणि आतलं बाहेर जाईना. त्याला विचारलं तर तो म्हणाला, माझं काम डबा लावायचं. मग कस्टमर केअर. पाऊण तास संगीत, आणि मग एक मुलगी अतिशय गोड हिंदीत म्हणाली की कायमचा नंबर फक्त व्यवसायाला मिळतो, आपला व्यवसाय काय? मी म्हणालो, पोस्ट ऑफिस. तिनं ते टाइप करून घेतलं. मग म्हणाली, सरकारी कार्यालयासाठी वेगळा फॉर्म असतो. मी म्हणालो, सरकारी नाही बाई, घरगुती आहे, एकोणीस माणसांचं. तिनं मला थांबायला सांगितलं आणि तांत्रिकदृष्ट्या मी अजून थांबलेलोच आहे. दुसऱ्या फोनवर दुसऱ्या एकानं सांगितलं की घरातून टपाल बाहेर टाकायचं दारच कंपनी बंद ठेवते, कारण लोक घरी बसून फसव्या जाहिराती पाठवतात. मी विचारलं, मी पाठवतो का? म्हणे, नियम सगळ्यांना एकच. नियमाविषयी मला आदर आहे, म्हणून मला त्याच्याशी धड भांडताही आलं नाही.

मग विहार आठवलं. आपल्या विहाराच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी वेगळ्या कंपनीचं कनेक्शन आहे आणि ते संस्थेच्या नावावर असल्यामुळं त्याला कायमचा नंबरही आहे. शनिवारी मशीन गोधडीत गुंडाळून सरिताच्या स्कूटीवर मधे ठेवून नेलं. (मागं मी मशीनला धरून. सरिता वाटेत तिघांना म्हणाली, ‘काय नाय, ह्यांचं पोस्ट आहे.’) टेबलाखाली जागा मिळाली. नवा नंबर जगाला कळवला, म्हणजे आपल्याकडं पत्ता बदलल्याची वर्दी देतात तसंच. ती वर्दी सगळीकडं पोचायला एक ते दोन दिवस लागतात. इकडं पहिल्याच दुपारी एका मुलानं फोन चार्ज करायला माझा प्लग काढला. मी पाटी लावली, ‘हा प्लग काढू नये.’ संध्याकाळपर्यंत त्याखाली कोणीतरी लिहिलं, ‘का?’ मी रागानं पूर्ण एक पान भरून कारण लिहिलं. मुलांनी ते वाचलं, मुद्देसूद आहे असं म्हणाली आणि प्लग काढला. सोमवारी वाचनालयाचे अप्पाराव आले. शिस्तीचा माणूस, रोज कुलूप लावताना मेन स्विच खाली ओढतात, त्यामुळं माझं टपाल तसंही रात्रभर झोपलेलंच होतं. ते म्हणाले, ‘संघपाल, तुझ्या मशीनच्या पंख्याच्या आवाजानं पोरांचं ध्यान लागत नाय. पोरांचा अभ्यास मोठा का तुझं टपाल?’ मी दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला असता. मशीन पुन्हा गोधडीत, पुन्हा स्कूटीवर. आपण विहारात राहायला गेलोय हे जगाला कळलं त्याच दिवशी आम्ही तिथून निघालो होतो.

शेवटी आकाशची जुनी सूचना नाक मुठीत धरून मान्य केली आणि भाड्याचं मशीन घेतलं. हे मशीन कुठंतरी मुंबईच्या बाजूला एका थंड खोलीत असतं. ते आपण बघायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं महिन्याच्या महिन्याला भाडं भरायचं. दोन दिवस मान मोडून एकेक पेटी उचलून तिकडं ठेवली. पहिलं पत्र आकाशला टाकलं, विषय, स्थलांतराबाबत. ते थेट त्याच्या कचऱ्याच्या पेटीत गेलं. चौकशी करता कळलं की माझ्या वाट्याला आलेला नंबर आधी दुसऱ्याच कोणाकडं होता आणि त्या सद्गृहस्थानं त्यावरून लाखो लोकांना लॉटरी लागल्याची पत्रं पाठवली होती. आपण भाड्यानं खोली घ्यावी आणि गल्लीतल्या वाण्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी आधीच्या भाडेकरूचा राग आपल्यावर काढावा, तशातली गत. असे नंबर काळ्या यादीत टाकणारे लोक असतात. त्यांना मी इंग्रजीत अर्ज केला, निवृत्त उपडाकपाल, छत्तीस वर्षांची निष्कलंक सेवा, वगैरे. दोन मिनिटांत उत्तर आलं की आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार करून तो फेटाळण्यात आला आहे. (उत्तर आकाशच्या फुकटच्या पत्त्यावर मागवावं लागलं, ही नामुष्की वेगळी.) दोन मिनिटांत कसला विचार होतो, दाजी? मी उभ्या नोकरीत एकही अर्ज दोन मिनिटांत निकालात काढलेला नाही. मग निदान चोरांपासून तरी संरक्षण असावं म्हणून मी त्या मशीनला सांगितलं की जो तीनदा पासवर्ड चुकेल त्याला कायमचं बाहेर ठेव. त्यानंतर मीच तीनदा चुकलो. मशीन अजून माझी आज्ञा पाळतंय. तेव्हाच मी आकाशला फोन केला, आणि पुढचं वर लिहिलंच आहे.

पण खरं सांगू, कंपनी, अप्पाराव, लॉटरीवाला, या कशाचाही मला एवढा संताप आला नाही जेवढा या शांततेचा आला. सुरुवातीला मी लोकांना सवलत दिली. पहिले दोन दिवस कोणाच्या लक्षात येणार नाही. रविवार तर सुट्टीचाच. पण मग सोमवार, मंगळवार, बुधवार? आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस एकानं पुढं गेला तर बायका-पुरुष हंडे घेऊन रस्त्यावर येतात, नगरसेवकाला घराबाहेर काढतात. टपाल अकरा दिवस नाही आणि कोणी खिडकीत येऊन डोकावलं नाही. सरिता म्हणते, याला मीच जबाबदार. कारण मी चार वर्षांपूर्वी नियम केला होता की तक्रार फक्त लेखी, तीही ई-टपालानंच पोस्टमास्तरच्या पत्त्यावर पाठवावी, तोंडी तक्रार धरली जाणार नाही. ‘टपाल बंद पडलंय हे माणसानं टपालानंच कळवायचं व्हय?’ असं तिनं मला भाकरी थापता थापता विचारलं. मी कपाट पुसायला घेतलं. (नियम चांगल्या हेतूनं केला होता. तोंडी तक्रारीला शेंडा-बुडखा नसतो.)

नाही म्हणायला गोजरबाई येऊन गेल्या. समोरच्या घरातल्या, वय पंचाहत्तर. त्यांचा नातू कोचीला जहाजाच्या कामावर आहे, तो महिन्यातून दोनदा पत्र आणि फोटो माझ्याकडं पाठवतो, मी कागदावर छापून त्यांना नेऊन वाचून दाखवतो. गेल्या शुक्रवारी फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, ‘मास्तर, माझ्या लेकराचं काय आलं का नाय?’ त्या दिवशी मी कंपनीच्या संगीतानं पिसाळलेला होतो. म्हणालो, व्यवस्था बंद आहे, तक्रार असेल तर लेखी द्या. त्या म्हणाल्या, ‘लिव्हता येत असतं तर तुमच्या दारात कशाला उभी राहिले असते?’ आणि गेल्या. मी तिथंच पायरीवर उभा. त्या खाली, मी वर. दाजी, मला स्वतःची एवढी लाज वाटली की दुपारचं जेवण गेलं नाही. दोन दिवसांनी कागद-पेन घेऊन त्यांच्या घरी गेलो, त्यांनी सांगावं आणि मी लिहून घ्यावं म्हणून. पण तोवर नातवानं शेजारच्या मुलीच्या फोनवर फोटो पाठवून दिले होते. ‘भेटलं मला, मास्तर,’ म्हणाल्या, ‘तुम्ही नका तरास घेऊ.’ चहा दिला, फोटो दाखवले. पोरगं लठ्ठ झालंय. म्हणजे एक तक्रार चालून दारात आली होती, ती मीच हाकलली, आणि आता ती तक्रार उरलीच नाही.

आणि तुमच्याशीही स्पष्ट बोलतो, वडीलधारे आहात तरी बोलतो. अजिंठ्याच्या आसपासच्या एकशे बारा विहिरी. प्रत्येकीची खोली किती, पायऱ्या किती, पाणी गोड की मचूळ, कोणी खोदली, कोणाला तिथं पाणी भरू देत नव्हते. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही सहा वर्षं पायी हिंडून हे लिहिलंत, मी एकेक पान टाइप करून चढवलं. बेचाळीस नंबरच्या विहिरीचा फोटो उलटा लागला होता तेव्हा तुम्ही मला दिवसातून चार पत्रं लिहिली होती. आज अकरा दिवस एकशे बाराच्या एकशे बारा विहिरी जगातून गायब आहेत आणि तुमचा हूं नाही की चूं नाही. डोळ्याचं कारण मी समजू शकतो, पण तुमचा उजवा डोळा तर चांगला आहे ना?

असो. रागाच्या भरात काही कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर धाकट्या मेव्हण्याचं म्हणून पोटात घाला. अक्काला गुळाच्या चहापासून लांब ठेवा. पावसाआधी दोघं आठ दिवस इकडं राहायला या, पलंगाखालचे डबे तेवढ्यापुरते मी गच्चीच्या जिन्यात ठेवीन.

आपला,
संघपाल
(निवृत्त उपडाकपाल, करमाड)

ता. क. : वर पत्राला कारण नाही असं लिहिलं आहे, ते तितकंसं बरोबर नाही. आकाशला मी फोन न करण्याचा शब्द दिला आहे. पत्राबद्दल आमचं काहीच बोलणं झालेलं नाही, हे पत्र लिहिण्यापूर्वी मी नीट आठवून पाहिलं. तेव्हा विनंती अशी की तुम्ही एक तक्रार करावी. तक्रारीच्या नियमात मी कालपासून दुरुस्ती केली आहे, कागदावरची तक्रारही चालेल. सही करून त्याचा फोटो आकाशच्या फोनवर पाठवा. हे पत्र तुम्हाला सोमवार-मंगळवारी मिळेल, म्हणजे हातात चार-पाच दिवस आहेत. मी सांगितलं म्हणून केली असं वाटायला नको.

दुसरा ता. क. : तुम्हाला त्रास नको म्हणून मसुदा मीच करून देतो. माझ्यावरच टीका असल्यामुळं भाषा कडक ठेवली आहे.

‘मा. पोस्टमास्तर, हिवराळे डॉट इन. विषय : टपाल न मिळाल्याबाबत. महोदय, गेल्या अकरा (सहीच्या दिवशी जो होईल तो आकडा टाका) दिवसांपासून माझ्या पेटीत एकही पत्र आलेले नाही. माझ्या विहिरीही दिसत नाहीत. मी रोज सकाळी दहा वाजता वाट पाहतो. (हे खरं नसेल तर खोडा, पण शक्यतो राहू द्या.) यामुळे माझी अतोनात गैरसोय होत आहे. आपली सेवा आजवर चोख होती, त्यामुळे हा हलगर्जीपणा अधिकच बोचतो. मला हे टपाल हवे आहे. त्वरित दखल न घेतल्यास मला वरपर्यंत जावे लागेल. (वर कोणी नाही, पण तक्रारीत तसं लिहायची पद्धत आहे.) आपला, सां. भि. खरात, अजिंठा.’

तिसरा ता. क. : तारीख कालची टाकू नका, ज्या दिवशी सही कराल त्याच दिवसाची टाका. मी उभ्या नोकरीत मागची तारीख कधी मारली नाही.

दाजी, सरिताचा जयभीम. पाकीट चिकटवून पोस्टात द्यायचं काम माझ्याकडं आलंय, खाली जागा दिसली म्हणून लिहिते. हे अंघोळीला गेलेत. सगळं वाचलं. डब्याचं लिहिलंय ते खरंच आहे, मला माझं कपाट पाहिजेच. पण एक गोष्ट ह्यांनी तुम्हाला लिहिली नाय. हे रोज दहाच्या वाटपाला मला एक पत्र टाकतात. मी आत ओट्यापाशी, हे बाहेर खुर्चीत, मधी एक भिंत. तोंडानं हा माणूस कधी काय बोलत नाय, तुम्हाला तर ठाऊक आहे. पत्रात सगळं लिहितात, ते पण कचेरीवानी. विषय, कालच्या रागाबाबत दिलगिरी. विषय, निळ्या साडीबाबत. विषय, तुझा गुडघा डॉक्टरला दाखवण्याबाबत, स्मरणपत्र क्रमांक तीन. मी वाचते, फोन पालथा ठेवते आन् भाजी टाकते. हे विचारत नायत, मी सांगत नाय. चार वर्षं असंच चाललंय. आता अकरा दिवस झाले, एक पत्र नाय. समोर येऊन काय बोलायला जातात तर नळाचंच बोलतात आन् परत बाहेर जाऊन बसतात. मला लई सुनं सुनं वाटतंय, दाजी. पर ल्योक एवढा मोठा झालाय, त्याला कुठल्या तोंडानं सांगू की मला तुझ्या पप्पाची पत्रं पाहिजेत? म्हणून तुम्ही सही करा.